घरपोच वाचनालय आणि पिशवीतला ढेकूण: एका सेवेचे परीक्षण

पुण्यातील ज्या घरपोच वाचनालयाविषयी मी हे लिहीत आहे, त्याचे नाव मी मुद्दाम दिलेले नाही. जे घडले ते कोणत्याही वाचनालयात घडू शकते, आणि नाव दिल्यास लोक बाकीचा मजकूर विसरून तेवढे नावच लक्षात ठेवतील, अशी मला भीती वाटते. या वाचनालयाचे आम्ही तिसऱ्या वर्षाचे सभासद आहोत. अनामत १,००० रुपये, महिन्याची वर्गणी ३५० रुपये, एका वेळी चार पुस्तके आणि दोन मासिके, आणि दर शनिवारी सकाळी दुचाकीवरून पुस्तके घेऊन येणारा एक हसतमुख मुलगा, असे या सेवेचे स्वरूप आहे. पुस्तकांची यादी म्हणाल तर ती जवळजवळ नाहीच. मालकांची स्मरणशक्ती हीच यादी. मात्र ती स्मरणशक्ती अशी आहे की, माझ्या ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाईंनी फोनवर नुसते "ते नर्मदेच्या परिक्रमेचं, निळ्या कव्हरचं" एवढे सांगितले, तरी शनिवारी नेमके तेच पुस्तक दारात येते. पुस्तकांच्या निवडीबाबत आणि वक्तशीरपणाबाबत माझी आजही काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती जानेवारीतल्या प्रकरणाची. त्या आठवड्यात सासूबाईंच्या उजव्या कोपराच्या खाली एका ओळीत तीन लाल गांधी उठल्या. पहिल्या दिवशी आम्ही डासांना दोष दिला, दुसऱ्या दिवशी पित्ताला, आणि आमसुलाचे पाणी लावून मोकळे झालो. तिसऱ्या रात्री अकराच्या सुमारास त्यांनी पलंगावरून मला हाक मारली. त्यांच्या हातात वाचनालयाची एक जुनी, पुन्हा पुठ्ठा बांधणी केलेली कादंबरी होती, आणि उघड्या पानावर त्यांनी भिंगाखाली काहीतरी धरून ठेवले होते. मसुराच्या दाण्याएवढा, पण चपटा, तांबूस तपकिरी, पंख नसलेला तो जीव शिरोरेषेवरून चालावे तसा सावकाश चालला होता. "अगं, हा ढेकूण आहे," सासूबाई म्हणाल्या, "गिरगाव सोडल्यापासून पहिल्यांदा भेटला." त्यांचे बालपण गिरगावच्या चाळीत गेले आहे, त्यामुळे त्यांच्या ओळख पटवण्यावर शंका घेण्याचे कारण नव्हते. तो चिरडल्यावर जो वास आला, त्याची तुलना बरेच जण चुरगळलेल्या कोथिंबिरीशी करतात. सासूबाईंच्या मते हा कोथिंबिरीचा अपमान आहे.

त्या रात्री पांढऱ्या चादरीवर पुस्तक ठेवून, विजेरी आणि टाचणी घेऊन मी जे पाहिले, ते येथे नीट सांगते, कारण वाचनालयाचे पुस्तक घरी आणणाऱ्या प्रत्येकाला ते उपयोगी पडेल. ढेकूण पानांमध्ये राहत नाही. तो फटींत राहतो. पुठ्ठा बांधणीच्या पुस्तकाची पाठ आणि शिवण यांच्यामध्ये जी पोकळी असते, तिच्यात तो बसतो. प्लास्टिकचे आवरण जेथे आत दुमडून चिकटवलेले असते, त्या घडीत बसतो. आमच्या पुस्तकात तो मागच्या पुठ्ठ्यावर डकवलेल्या कार्डाच्या खणात होता, आणि शेजारच्या तारखांच्या चिठ्ठीखाली त्याची पातळ, पिवळसर, पारदर्शक कात पडलेली होती. खणाच्या कडेला शाईचे बारीक ठिपके दिसत होते. ओल्या कापसाने पुसल्यावर ते तांबूस पसरले, तेव्हा ती शाई नसून ढेकणाची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त आहे, हे कळले. अंडी जेमतेम एक मिलिमीटरची, खसखशीसारखी पांढरी आणि घट्ट चिकटलेली असतात, त्यामुळे पुस्तक झटकून ती पडत नाहीत.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. पावसाळ्यात जुन्या पुस्तकांतून धावणारे टाचणीच्या टोकाएवढे फिकट जीव ढेकूण नव्हेत. ते बुरशीवर जगतात आणि माणसाला चावत नाहीत. चंदेरी, शेपटीला तीन केस असलेली ती कसर. ती खळ आणि कागद खाते. ढेकणाला कागदात काडीचाही रस नाही. त्याला फक्त रक्त लागते, आणि पुस्तकात तो येतो तो केवळ आपण पुस्तक उशाशी ठेवून झोपतो म्हणून. रात्री तो पलंगाच्या फटीतून निघतो, पोट भरतो आणि पहाटे परत जाताना जी पहिली अंधारी घडी लागेल तिच्यात शिरतो. ती घडी पुस्तकाच्या पाठीची असली, तर शनिवारी तो दुसऱ्याच्या घरी पोहोचतो. रक्ताशिवाय तो महिनोन्‌महिने तग धरतो, थंड हवेत तर त्याहून जास्त, त्यामुळे पुस्तक महिनाभर कपाटात बंद ठेवले म्हणून प्रश्न सुटत नाही.

सकाळी मी वाचनालयाच्या मालकांना फोन केला. त्यांचे पहिले उत्तर असे होते: "ताई, आमच्याकडे दर वर्षी पेस्ट कंट्रोल होतं. ढेकूण तुमच्याच घरचा नसेल कशावरून?" प्रश्न बोचरा होता, पण गैर नव्हता, हे मला आज कबूल केले पाहिजे. पुस्तकात ढेकूण सापडला, एवढ्यावरून तो पुस्तकाबरोबरच आला असे सिद्ध होत नाही. खरी हरकत मला त्यांच्या पुढच्या वाक्याला होती: "मुलाकडे पुस्तक परत द्या, आम्ही दोन दिवस उन्हात टाकतो." त्या मुलाच्या पिशवीत आमच्या पुस्तकाशेजारी आणखी पाच-सहा घरांची पुस्तके असतात. शिवाय ते दिवस दिवाळी अंकांच्या योजनेचे होते. दिवाळीपासून सुरू झालेली ती योजना फेब्रुवारीपर्यंत चालते आणि एकेक अंक तीन-चार दिवसांत पुढच्या घरी जातो. ढेकणाच्या प्रवासासाठी यापेक्षा सोयीची व्यवस्था मुद्दाम ठरवूनही उभी करता आली नसती. मी पुस्तक देण्यास नकार दिला, आणि उशीर झाल्याचा दंड भरावा लागला तरी चालेल, असे सांगितले.

उन्हाचा उपाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आणि खाटेच्या बाबतीत त्यात तथ्यही आहे, कारण पूर्वी खाट नुसती उन्हात ठेवत नसत, तिच्या सांध्यांत उकळते पाणी ओतत. त्यात काम करत असे ते पाणी. मोठा ढेकूण साधारण ४८ अंश सेल्सिअसच्या पुढे मरतो, पण त्याची अंडी लवकर मरण्यासाठी तापमान ५५ अंशांच्या आसपास जावे लागते, आणि तेही पुस्तकाच्या पृष्ठभागावर नव्हे तर आत, पाठीच्या पोकळीत. पुण्याच्या जानेवारीतल्या उन्हात पुस्तक कोमट होते, त्याचा कागद पिवळा पडतो, आणि ढेकूण सावलीच्या बाजूला चालत जाऊन बसतो. इस्त्री, ओव्हन आणि मायक्रोवेव्ह यांचा विचारही करू नये. अंकांना पिना असतात, बांधणीत डिंक असतो, आणि कागद पेट घेतो.

म्हणून मी उलट मार्ग धरला आणि पुस्तक गोठवले. या उपायाचे मी स्वतंत्र परीक्षण करू शकेन, इतका तो मला पटला आहे. उणे १८ अंश सेल्सिअसला चार दिवस सलग ठेवल्यास ढेकूण, त्याची पिले आणि अंडी असे सारेच मरते. अट एवढीच की, तापमान खरोखर उणे १८ असले पाहिजे, आणि आपल्या घरच्या फ्रिजवर याबाबत डोळे मिटून विश्वास ठेवू नये. मी तीनशे रुपयांचा तापमापक आणून बर्फाच्या कप्प्यात रात्रभर ठेवला, तेव्हा तो उणे ११ दाखवत होता. कळ शेवटपर्यंत फिरवून, कप्प्यात साठलेला बर्फ काढून, दार उघडण्यावर घरात बंदी घातल्यावर तो उणे १९ वर आला. कागद ऊब धरून ठेवतो, जाड पुस्तकाचा गाभा थंड व्हायलाच बराच वेळ लागतो, म्हणून मी चारऐवजी सहा दिवस मोजले. पुस्तक चेन असलेल्या दोन पिशव्यांत, हवा दाबून काढून, एकात एक घालून ठेवले.

घरात यावरून थोडे वातावरण तापले, कारण जानेवारी हा मटारांचा महिना. त्या कप्प्यात सोललेल्या मटारांच्या चार पिशव्या आणि नैवेद्यासाठी खवून ठेवलेला नारळ होता, आणि ढेकणाला नारळाशेजारी जागा देण्यास सासूबाईंचा ठाम विरोध होता. शेवटी नारळाची बर्फी करावी लागली. सहा दिवसांनी पिशवी बाहेर काढल्यावर ती पूर्ण एक दिवस न उघडता तशीच ठेवली. लगेच उघडली असती, तर दमट हवेचे पाणी थंड पानांवर जमून ढेकणाने केले नव्हते ते नुकसान झाले असते. मग स्टीलच्या ताटात पुस्तक झटकले. दोन मेलेली पिले पडली, तिळाहून लहान, आणि पाठीच्या पोकळीतून टाचणीने चार-पाच अंडी निघाली. पुस्तकाला काहीही झाले नव्हते. प्लास्टिकचे आवरण किंचित सुरकुतले, एवढेच.

पलंगाचा प्रश्न त्याने सुटत नव्हता. पहिल्या पेस्ट कंट्रोलवाल्याने फोनवरच "हर्बल, बिनवासाची, एकाच वेळेत गॅरंटी" असे सांगितले, आणि घरी आल्यावर सरळ पुस्तकांच्या कपाटावर फवारा धरला. औषधाचे नाव विचारल्यावर त्याला सांगता येईना, डब्यावर चिठ्ठी नव्हती. त्याला चहा देऊन परत पाठवले. दुसऱ्या संस्थेकडून आधी एक बाई नुसत्या पाहणीसाठी आल्या. त्यांनी विजेरी आणि एक जुने एटीएम कार्ड घेऊन पलंगाच्या उशाकडचे सांधे, गादीच्या शिवणी आणि भिंतीवरच्या विजेच्या खटक्यांच्या चौकटी तपासल्या, आणि लागण अजून एकाच पलंगापुरती आहे, असे सांगितले. पुस्तकांवर औषध मारायचे नाही, हे त्यांनी आपण होऊन सांगितले, आणि तेव्हाच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. पंधरा दिवसांच्या अंतराने दोन फवारण्या, एकूण ३,२०० रुपये. दोन फवारण्या हा पैसे काढण्याचा प्रकार नव्हे. औषधाने बहुतेक अंडी मरत नाहीत, ती साधारण सहा ते दहा दिवसांत फुटतात, आणि त्यांतून निघालेली पिले मोठी होऊन अंडी घालू लागण्याच्या आत दुसरा हात फिरवावा लागतो. चादरी, अभ्रे आणि गोधड्या ६० अंशांच्या पाण्यात धुवाव्या लागल्या.

शेजारच्या एका गृहस्थांनी, अर्थातच सद्‌भावनेने, गव्हात ठेवायच्या गोळ्या खोलीत टाकून दार बंद करण्याचा सल्ला दिला. या सल्ल्याविषयी मी सौम्य भाषा वापरू शकत नाही. त्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या हवेतल्या ओलाव्याने फॉस्फिन हा विषारी वायू सोडतात. तो बंद दारातून आणि फटींतून शेजारच्या खोलीत, शेजारच्या घरातही जातो, आणि ढेकूण मारण्याच्या नादात या गोळ्यांनी आपल्या देशात झोपलेली माणसे दगावलेली आहेत. डांबराच्या गोळ्या त्या मानाने निरुपद्रवी वाटतात, पण ढेकणावर त्यांचा म्हणण्यासारखा परिणाम होत नाही, आणि त्या वासात झोपल्याने आपले डोके मात्र दुखते.

या काळात सासूबाईंना दिवाणखान्यात झोपवावे, असे मला वाटत होते. त्यालाही पाहणीच्या बाईंनी मनाई केली, कारण माणूस हलला की त्याच्या मागोमाग ढेकूणही नव्या जागी पसरतात. लक्ष्मी कमळावर, शंकर हिमालयात आणि विष्णू क्षीरसागरात निजतात ते ढेकणांच्या भयानेच, अशी शंका एका जुन्या सुभाषितात व्यक्त केली आहे. सासूबाईंनी ते मला पाठ म्हणून दाखवले आणि "देवांना जमलं ते आपल्याला जमत नाही" म्हणत स्वतःच्याच पलंगावर आडव्या झाल्या.

आता या परीक्षणाच्या मूळ विषयाकडे येते. त्या पाहणीत बाईंनी सहज विचारले, "पुस्तकं कशातून येतात?" दारामागे खुंटीवर वाचनालयाची निळी जाड कापडी पिशवी लटकत होती, जुनी पुस्तके तिच्यात भरून ठेवायची आणि शनिवारी भरलेल्या नव्या पिशवीशी अदलाबदल करायची, अशी रीत आहे. त्यांनी ती पालथी केली. तळाच्या दुहेरी शिवणीत, जेथे कापड चार पदरी होते, तेथे काळ्या ठिपक्यांची ओळच होती, आणि तिच्या शेवटी दोन जिवंत ढेकूण. पुस्तकाच्या पाठीपेक्षा ही शिवण त्यांना कितीतरी सोयीची. पुस्तक निदान उघडले जाते, पिशवी कोणी उलटी करून पाहत नाही, आणि दर आठवड्याला ती नव्या घराच्या खुंटीला लागते. तीन वर्षांत अशी एकही पिशवी कोणी धुतल्याचे मला आठवत नाही, आणि यात मी स्वतःलाही धरते.

छायाचित्र पाठवल्यावर रविवारी मालक स्वतः आले. चष्मा लावून, पिशवी गॅलरीच्या उजेडात धरून त्यांनी बराच वेळ पाहिले. "ताई, अशा चाळीस पिशव्या आहेत माझ्याकडे," एवढेच ते म्हणाले, आणि मग सासूबाईंकडे वळून, "आजी, माफ करा." त्या क्षणापासून त्यांनी जे केले, त्याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. सर्व कापडी पिशव्या पुढच्या शनिवारपर्यंत बंद झाल्या आणि त्यांच्या जागी झाकणाचे गुळगुळीत प्लास्टिकचे डबे आले, जे ओल्या फडक्याने पुसता येतात. एका बंद पडलेल्या दुकानातून त्यांनी आइस्क्रीमचा जुना आडवा फ्रीझर विकत घेतला, आणि संशय असलेली पुस्तके त्यात आठवडाभर ठेवून मगच मांडणीत जाऊ लागली. पूर्वी जेथे कुल्फीची चित्रे होती, त्या काचेखाली आता चरित्रे आणि कादंबऱ्या दिसतात.

सगळेच ठीक झाले असे मात्र नाही. सभासदांना कळवायला त्यांनी तीन आठवडे घेतले, आणि हा उशीर मला अक्षम्य वाटतो. पाच-सहा जण वर्गणी सोडतील या भीतीने ते थांबले, तेवढ्या काळात दिवाळी अंक आणखी किती घरे फिरले असतील! शेवटी संदेश गेला, कोणाच्या घराचा उल्लेख न करता, आणि काही सभासद खरोखरच गेले. पण त्याच संध्याकाळी एका बाईंनी मालकांना फोन करून, आपल्याकडे ऑक्टोबरपासून ढेकूण आहेत आणि लाजेने आपण बोललो नाही, असे सांगितले. ढेकणाला अस्वच्छतेशी काही देणेघेणे नसते, त्याला झोपलेला माणूस पुरतो, हे त्यांना कोणीतरी आधी सांगितले असते, तर पुढची कित्येक घरे वाचली असती. वाचनालयाच्या छापील नियमांत पुस्तक हरवल्यास काय, पेन्सिलीच्या खुणा केल्यास काय, पान दुमडल्यास काय, हे सारे दिलेले आहे; घरात ढेकूण असल्यास पुस्तक परत न करता आधी फोन करावा, दंड लागणार नाही, ही ओळ आजही त्यात नाही. ती टाकण्याचे त्यांनी दोनदा कबूल केले आहे.

फ्रीझरची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्यात साठेक पुस्तके मावतात आणि वाचनालयात काही हजार आहेत, तेव्हा गोठवले जाते ते फक्त परत आल्यावर संशयास्पद दिसलेले पुस्तक. म्हणजे सगळा भार काउंटरवर बसणाऱ्या मुलीच्या नजरेवर. ती आता प्रत्येक पुस्तकाचा खण आणि मागचा पुठ्ठा बघते, पण शनिवारच्या गर्दीत पाठीची पोकळी बघत नाही, हे मी उभी राहून पाहिले आहे. फ्रीझरमध्ये तापमापक नव्हता. माझा मी त्यांना देऊन टाकला. नुकसानभरपाई म्हणून मी पेस्ट कंट्रोलचा अर्धा खर्च मागितला होता, त्यांनी तीन महिन्यांची वर्गणी माफ केली. ढेकूण कोणाच्या घरचा, हे शेवटपर्यंत सिद्ध न झाल्यामुळे मी ती तडजोड मान्य केली.

गुण द्यायचेच, तर पाचपैकी पुस्तकांच्या निवडीला साडेचार, वेळेला पाच, प्रकरण उघडकीस आल्यानंतरच्या पहिल्या महिन्याला एक आणि त्यानंतरच्या महिन्यांना चार. माफीचे महिने संपल्यावर आम्ही वर्गणी पुन्हा भरली. दुसऱ्या फवारणीनंतर घरात ढेकूण दिसलेला नाही, तरी नवी पुस्तके पलंगावर न नेता आधी खिडकीजवळच्या खुर्चीत उघडायची, असा नियम झाला आहे, आणि डबा आला की सासूबाई आधी विजेरी मागतात. गेल्या शनिवारी एका प्रवासवर्णनाच्या पाठीतून काहीतरी चंदेरी सळसळत बाहेर आले. त्यांनी भिंग लावून ते नीट पाहिले, "कसर आहे गं, ही पुस्तकं खाते, माणसं नाही," असे म्हणून फुंकर मारून ते उडवले, आणि वाचायला सुरुवात केली.